सुगंधाबाईंचं जॅकेट

मे महिन्यातल्या दुपारी आमच्या चंद्रपूरकडच्या मूल गावात रस्त्यावर कुणी नसतं. कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसतात. अशा वेळी डोक्याला पांढरा दुपट्टा, अंगावर सुती साडी आणि त्यावर पूर्ण बाह्यांचं डेनिमचं जॅकेट घालून एक साठीची बाई बसस्टँडकडे चाललेली दिसायची, त्या आमच्या सुगंधाबाई. जॅकेट बायकांच्या मापाचं, कमरेशी संपणारं, कोपरांवर पांढुरकं झालेलं. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, लाल दोऱ्यानं भरलेलं पळसाचं फूल. परगावचा माणूस ते बघायला थांबायचा. गल्लीतले आम्ही थांबत नसू. पाहुणे यायचे असले की तेवढं त्यांना आधी सांगून ठेवायचो.

सुगंधाबाई एसटीत कंडक्टर होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आरमोरीला एक भाचा आहे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातली गाडी अजून डेपोत लागलेली नाही. गप्पा आवरायच्या असल्या की त्या "चला, डबल बेल" म्हणतात आणि उठतात, समोरच्याचं वाक्य कुठंही असो. कुणी मध्ये तोंड घातलं तर "सिंगल बेल" म्हणून हात वर करतात. विहारात पौर्णिमेला गर्दी झाली की त्या दारात उभ्या राहून साध्या आवाजात म्हणतात, "आत सरका, मागं जागा आहे." मागं जागा नसते. माणसं तरी सरकतात.

नोकरीभर त्यांनी एक गोष्ट फार कडक पाळली. गाडीत राहिलेली वस्तू ज्याची त्याला पोचवायची. डबे, छत्र्या, चपला, एकदा टोपलीत झाकलेली कोंबडी. एकदा एक नवरदेव आपलं बाशिंग सीटवर ठेवून उतरून गेला. पुढच्या स्टॉपवर ते सुगंधाबाईंच्या लक्षात आलं. तिथून त्यांनी ते बाशिंग समोरून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलं आणि त्याला बजावलं, "मांडवात जाऊन त्याच्या डोक्याले बांधूनच ये. हातात देशीन तर पुन्हा विसरन तो."

हे मला माझ्या बायकोनं, नलूनं, सांगितलं. मी वाचनालयात काम करायचो, माझ्याशी लोक हळू आवाजात आणि थोडंच बोलतात. नलूला मात्र सगळं कळायचं. सुगंधाबाईंचं जॅकेटशास्त्रही मला तिच्याकडूनच आलं.

शास्त्रच म्हटलं पाहिजे, कारण त्यात सवलत नव्हती. पदर जॅकेटच्या आतून घ्यायचा, वरून नाही. बटणं उघडी. कॉलर पाडलेली. बाह्या बाहेरच्या बाजूनं दोनदा दुमडायच्या, तीनदा दुमडल्या तर त्या परत उलगडून दोनवर आणायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम त्या बोट उचलून सांगायच्या, "पाठ मोकळी ठेवाची. पाठ झाकली का जॅकेट गेलं."

या एका कलमापायी बाईंनी जे सोसलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. गाडीत जागा असली तरी त्या उभ्या राहायच्या, कारण बसलं की पाठ सीटला लागते. आमच्याकडे आल्या तर खुर्चीवर आडव्या बसायच्या आणि भिंतीशी बोलल्यासारख्या बोलायच्या. बुद्ध पौर्णिमेला सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत विहारात यायच्या, बाईही पांढऱ्या साडीतच, पण वर जॅकेट. पहिल्या रांगेत बसायच्या. मागच्या बायांना बुद्धवंदना घेताना समोर पळसाचं फूल दिसायचं. मंडळानं एकदा विषय काढला. बाई म्हणाल्या, "साडी पांढरी पाह्यजे असं ठरलं होतं. साडी पांढरी आहे. डबल बेल."

भाच्याच्या लग्नाचा अल्बम मी पाहिला आहे. शेवटचा मोठा फोटो आहे, दोन्हीकडची माणसं रांगेनं उभी, सगळी हसताहेत, आणि नवरीच्या शेजारी एक पाठ आहे. फोटोवाल्यानं दोनदा हाक मारली म्हणे. भाचा म्हणाला, "आत्या, तोंड इकडं कर ना." त्यावर बाई न वळताच म्हणाल्या, "माहं तोंड पाहून कोणाले काय कामाचं? घे फोटो."

दुसरा नाद दवाखान्याचा. बाईंना आजार कसलाच नव्हता, पण दर आठवड्याला एखाद्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत त्या रांगेत असायच्या. मूल, आरमोरी, चंद्रपूर, कधी थेट वरोरा. तासभर उभ्या राहायच्या. नंबर आला की डॉक्टर विचारायचे, "काय होतंय?" बाई म्हणायच्या, "काई नाई. बरी आहो." आणि निघायच्या. डॉक्टर लोकांनी त्यांच्यासाठी मनाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही लिहून दिल्या. त्या त्यांनी नीट घडी करून परत केल्या.

मग गल्लीत साथ आली. शेजारच्या वंदनानं, ही अंगणवाडी सेविका, आठवडी बाजारातून डेनिमचं जॅकेट आणलं. पाठोपाठ आणखी दोघीतिघींनी. हिवाळ्यात पहाटे नळावर चार जॅकेटं दिसायला लागली. एखादीला आपली नक्कल झाल्याचा आनंद झाला असता. सुगंधाबाई अस्वस्थ झाल्या. त्यांनी नळावरच या सगळ्यांची शिकवणी घेतली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या शास्त्राच्या बरोबर उलटी होती.

"पदर वरून घ्या. बटणं लावा. बाह्या दुमडू नका."

"मंग तुमी काऊन उलटं घालता?" वंदनानं विचारलं.

"माहं वेगळं आहे."

"तुमचं कोणतं विलायतेहून आलं?"

"आलं गाडीतून," बाई म्हणाल्या.

वंदना हट्टी आहे. तिनं आठ दिवस बसून आपल्या जॅकेटच्या पाठीवर लाल दोऱ्यानं पळसाचं फूल भरलं, हुबेहूब, आणि घालून नळावर आली. बाईंनी घागर खाली ठेवली.

"हे फूल उसव."

"काऊन? पळस काय तुमच्या नावावर आहे?"

"उसव म्हटलं ना, बाप्पा. दोन फुलं झाली तर घोटाळा होते."

"कशाचा घोटाळा?"

बाईंनी घागर उचलली आणि निघाल्या. पण त्या रोज संध्याकाळी वंदनाच्या ओट्यावर येऊन बसायच्या, नुसत्या बसायच्या, वंदनाकडे पाठ करून. शेवटी वंदनानंच कंटाळून फूल उसवलं आणि नंतर पावसाळा संपेपर्यंत बाईंशी अबोला धरला. मी नलूला म्हणालो, म्हातारपणी माणसाला असली मिरवायची हौस येते. नलू म्हणाली, मिरवणाऱ्या माणसाचं लक्ष आपल्याकडे असतं, बाईंचं लक्ष सारखं दुसऱ्या लोकांच्या तोंडाकडे असतं. मी ते तेव्हा सोडून दिलं.

पुढच्या हिवाळ्यात नलू आजारी पडली आणि आमचंच दवाखान्यात जाणं वाढलं. तिथं सुगंधाबाई असायच्याच. त्या आमच्यासाठी रांगेत उभ्या राहायच्या, नंबर आला की "बरी आहो" म्हणण्याऐवजी "आमची नलूबाई आत घ्या" म्हणायच्या. जॅकेटला हात लावू न देणारी बाई, पण एका सकाळी वॉर्डात फार गारठा होता, नलूचे पाय काही केल्या गरम होईनात, तेव्हा बाईंनी जॅकेट काढून तिच्या पायांवर घातलं आणि स्वतः दंड चोळत दारापाशी उभ्या राहिल्या. नलूनं मला हळूच सांगितलं, "नियम मोडला बघा बाईनं." ती हसली होती. फेब्रुवारीत नलू गेली.

त्यानंतरच्या मे महिन्यात, म्हणजे याच वर्षी, सुगंधाबाई बसस्टँडवर उन्हानं चक्कर येऊन पडल्या. रिक्षावाल्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. वंदना आणि मी गेलो तेव्हा सलाईन लागलेलं होतं आणि जॅकेट काढावं की नाही यावरून वॉर्डातल्या आयाशी त्यांची बाचाबाची चालली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना समजवा, हे असं उन्हात घालून फिरल्या तर पुढच्या वेळी सलाईननं भागणार नाही. वंदना म्हणाली, "भाऊ, तुमीच सांगा. माहं तर त्या ऐकत नाईत."

मी दोन वाक्यं मनात जुळवून खाटेजवळ बसलो. बाईंनी ती बोलू दिली नाहीत.

"सिंगल बेल. मले माहीत आहे काय म्हणाचं आहे ते. काढतो मी. पण तिथं खाली नका ठेवू. त्या सलाईनच्या दांडीले लटकवा. आणि फूल दाराकडं करा."

आयानं नळी सांभाळत जॅकेट काढलं, मी ते दांडीला अडकवलं. फूल दाराकडे केलं.

"बाई," वंदनानं विचारलं, "एवढं काय आहे हो त्या फुलात?"

बाईंनी उशी सारखी केली. मग तिकिटं फाडावी तसं एकेक वाक्य सांगितलं. निवृत्तीच्या आधीचा हिवाळा होता. धानोऱ्याच्या पुढची मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे परत निघणारी. जंगलातल्या एका फाट्यावर अंधारात एक पोरगी चढली, हातात पत्र्याची पेटी, अंगात हे जॅकेट. नर्सिंगच्या शिक्षणाला चंद्रपूरला निघालेली. चंद्रपूरला ती उतरून गेली, आणि मागं सीटवर जॅकेट.

"माह्या सीटवर राह्यलं होतं. घडी घातलेली. चांगल्या वळणाची पोरगी, विसरली तरी घडी घालून विसरली." बाईंनी कूस बदलली. "मी मागं पळाली, पण ती गर्दीत गेली. नाव विचारलं नव्हतं. तिकिटावर नाव नसते."

"डेपोत जमा काऊन नाई केलं?" वंदना म्हणाली.

"कपाटात ठेवलं असतं त्यांनी. कपाटातलं कोणाले दिसते? त्या फाट्यावर मी तीनदा जाऊन आली. तिथून पाच वाटा फुटतात जंगलात, कोणत्या गावची काय माहीत. मंग म्हटलं, आपण तिले ओळखत नाई, पण ती जॅकेट ओळखन. ती जसं घालून चढली होती तसंच घालाचं, बटणं उघडी, बाह्या दोनदा. नर्स होणार म्हणे, म्हणजे दवाखान्यात कुठी ना कुठी असन." त्यांनी डोळे मिटले. "त्या थंडीत पोरगी तशीच गेली बाप्पा. तिच्याजवळ तेवढंच एक गरम होतं. माह्या गाडीतलं दुसरं काईच कधी राह्यलं नाई. हे एकच राह्यलं."

वंदना उठली. तिनं जॅकेटची एक बाही खाली आली होती ती दोनदा दुमडली.

संध्याकाळची पाळी बदलली. नवी नर्स सलाईन बघायला आली आणि दारातच थांबली. सावळी, उंच, पंचविशीच्या आतली मुलगी. मागच्याच महिन्यात बदली होऊन आलेली, हे नंतर कळलं. ती खाटेकडे न बघता दांडीकडे आली. फुलावरून बोट फिरवलं, एका पाकळीच्या टोकाशी दोरा जरा जाड लागला होता तिथं थांबवलं.

"हे इथं फाटलं होतं," ती म्हणाली. "कुंपणाच्या तारेत अडकून. माझ्या बहिणीनं फूल भरून झाकलं."

सुगंधाबाई सलाईनसकट उठून बसल्या. मुलीनं आता त्यांच्याकडे पाहिलं.

"कंडक्टर बाई?"

"तुहं आहे ना?" बाईंचा आवाज ड्यूटीवरचा झाला. "घे. पाहून घे नीट. बटणं सगळी आहेत. कोपरावर जरासं विटलं, ते उन्हानं. धुतलं दर रविवारी. भाऊ, काढा ते दांडीचं, द्या तिले."

मी काढून दिलं. मुलगी ते हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मावशी, मी हे विसरली नव्हती."

"म्हणजे?"

"तुमच्यासाठी ठेवलं होतं. तुमच्या सीटवर."

"माह्यासाठी?" बाई म्हणाल्या. "काऊन?"

"मले उलट्या होऊन राह्यल्या होत्या. तुमी मले खिडकीपाशी बसवलं आणि काच उघडी ठेवली, पार चंद्रपूर येतपर्यंत. लोक ओरडत होते, काच लावा म्हणून. तुमी म्हटलं, पोरीले हवा लागू द्या, ज्याले थंडी वाजते त्यानं मागं सरका, मागं जागा आहे. आणि तुमी तिथंच माझ्या बाजूले बसल्या. तुमचे दात वाजत होते, मले ऐकू येत होते."

"असन. मले याद नाई."

"मले आहे."

"मंग हातात काऊन नाई दिलं?"

"घेतलं असतं तुमी?"

"नाई."

"म्हणूनच."

बाई जॅकेटकडे पाहत राहिल्या. आपल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत सीटवर राहिलेल्या वस्तूचा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता, आणि तो आता त्यांना पुन्हा तपासून पाहावा लागत होता. कोंबडी, छत्री, बाशिंग, सगळं कुणाकुणाचं होतं. आपल्यासाठी म्हणून कुणी काही ठेवून जाईल, ही शक्यता त्यांच्या हिशेबात कधी आलीच नव्हती.

"तुले थंडी वाजली असन ना मंग?" शेवटी त्यांनी विचारलं.

"होस्टेलात ब्लँकेट होतं." मुलीनं बाईंना खांद्याला धरून परत आडवं केलं, सलाईनची गती पाहिली, आणि मग नर्सच्या आवाजात म्हणाली, "आणि मावशी, हे थंडीत घालाचं असते. मे महिन्यात नाई."

वंदनाला हसू आवरेना. ती बाहेर गेली आणि बाहेर बराच वेळ हसत होती की काय करत होती ते मला दिसलं नाही. जॅकेट मुलीनं ठेवून घेतलं नाही. घडी घालून बाईंच्या उशाशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना घरी आणलं. रिक्षात जॅकेट त्यांच्या मांडीवर होतं. घर आल्यावर उतरता उतरता म्हणाल्या, "म्हणजे भाऊ, त्या दिवशी नलूबाईच्या पायावर टाकलं, ते मी दुसऱ्याचं नाई टाकलं. मले लागून राह्यलं होतं ते. दुसऱ्याची वस्तू दिली म्हणून."

"गरम होतं म्हणाली होती नलू," मी सांगितलं.

"हो का," बाई म्हणाल्या.

पावसाळाभर त्या नुसत्या साडीवर फिरल्या. तशा त्या बऱ्याच लहानखुऱ्या आहेत, हे गल्लीला पहिल्यांदा कळलं. बोलताना हात मनगटाकडे जायचा, दुमडायला तिथं काही नसायचं. दवाखान्याच्या रांगा सुटल्या. आता तिथली ती मुलगीच कधीमधी सुट्टीच्या दिवशी येते, खुर्चीत बसून आंबील पिते आणि बाईंचं बीपी तपासते. दिवाळीच्या सुमाराला बाई वंदनाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "भर आता तुहं फूल. नाई होत घोटाळा." वंदनानं भरलं, आणि बाकीच्यांनीही. आता आमच्या नळावर पहाटे पळसाला मार्गशीर्षातच बहर येतो.

परवा थंडी बरीच होती. मी दूध घेऊन येत होतो, तर बाई ओट्यावर बसलेल्या. पाठ भिंतीला टेकलेली. जॅकेटची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कॉलर कानांशी उभी, बाह्या उलगडून बोटांच्या पेरांपर्यंत ओढलेल्या, आणि वरून पदर घट्ट गुंडाळलेला. फूल कुठं दिसत नव्हतं.

"या भाऊ," त्या म्हणाल्या आणि जरा बाजूला झाल्या. "बसा. जागा आहे."

मी बसलो. खरोखरच जागा होती. दुधाची पिशवी मांडीवर तशीच राहिली, समोरच्या घरावर ऊन आलं. बाई आरमोरीच्या भाच्याबद्दल बोलल्या, मी नलूबद्दल थोडं बोललो. बराच वेळ झाला, तरी त्या डबल बेल म्हणाल्या नाहीत.